रुखरुख वहीत, बूट दाराशी

ठाण्यात चार जुनी माणसं एकत्र बसली की एक वाक्य हमखास निघतं: "तेव्हा घोडबंदरला जागा घेऊन ठेवायला हवी होती." नवी मुंबईत हेच वाक्य खारघरचं, नाहीतर उलव्याचं असतं. ते बोलून टाकता येतं आणि चहा संपला की विषयही संपतो. अडचण असते ती बोलता न येणाऱ्या गोष्टींची. अर्धवट सोडलेलं शिक्षण, भावाशी तोडलेलं बोलणं, आईच्या शेवटच्या दुखण्यात न काढलेली रजा, वीस वर्षं ओढलेली सिगारेट. या गोष्टी रोज रात्री साडेअकराला येतात आणि दीडपर्यंत हलत नाहीत.

ही रुखरुख आवरायला आणि सोबत एखादी चांगली सवय लावायला एक शंभर पानी वही, पेन, भिंतीवरचं कॅलेंडर आणि साधं गजराचं घड्याळ लागेल. वहीचं काम दोन-तीन आठवड्यांचं, सवयीचं दोन ते तीन महिन्यांचं, कधी त्याहून जास्त. दोन्ही एकाच दिवशी सुरू करू नका. आधी वही, आठवड्याने सवय.

आधी नाव द्या

मराठीत या रुखरुखीला बरेच शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चुटपुट वेगळी, हळहळ वेगळी, अपराधी वाटणं वेगळं आणि सल वेगळा. प्रत्येकावर करायचं कामही वेगळं. माफी मागायची तिथे लोक ध्यान लावून बसतात, आणि जिथे माफी मागायला माणूसच उरलेला नसतो तिथे वर्षानुवर्षं मनातल्या मनात माफी मागत राहतात.

वहीच्या पहिल्या पानावर सारख्या मनात येणाऱ्या गोष्टी एकेका ओळीत लिहा. साधारण पाच-सात निघतात. पंधरा निघाल्या तर नीट बघा, त्यातल्या बऱ्याच एकाच गोष्टीची पिल्लं असतात. मग प्रत्येक ओळीपुढे चारांपैकी एक शब्द टाका.

चुटपुट म्हणजे लग्नात तोंडातून गेलेला एक मूर्ख शब्द, इंटरव्ह्यूत न सुचलेलं उत्तर. लिहा, काट मारा, पुढे चला. यावर दुसरी ओळ खर्च करायची नाही.

हळहळ: न घेतलेल्या वाटेचं बिल

हळहळ असते न केलेल्या गोष्टीची. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९४-९५ च्या सुमारास दाखवलं की ताज्या ताज्या काळात माणसाला केलेली चूक जास्त बोचते, पण वर्षं उलटली की न केलेलं जास्त बोचू लागतं. केलेल्या चुकीचं बिल येतं. ते कितीही मोठं असलं तरी त्यावर आकडा असतो. न घेतलेल्या फ्लॅटला मात्र कधी गळती लागत नाही आणि न केलेल्या लग्नात कधी भांडण होत नाही. म्हणून ते बिल आपणच काढायचं.

एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे "तेव्हा", उजवीकडे "आता". समजा हळहळ २००४ सालच्या घोडबंदरच्या फ्लॅटची आहे. डावीकडचा रकाना असा दिसेल:

पगार अकरा हजार. बहिणीचं लग्न डिसेंबरात. पतपेढीचं कर्ज अजून दीड वर्षं. तिकडे पाणी टँकरचं. स्टेशनला यायला बस, ती भरून आली की पुढची. बाबा म्हणाले, एवढ्या लांब कशाला.

आणि उजवीकडे: भाव किती चढले. मेट्रो. सोबतच्याने घेतला, त्याचं कर्ज फिटलं.

लिहिताना एकच चूक सगळ्यांकडून होते. उजवीकडची वाक्यं डावीकडे घुसतात. "मला कळायला हवं होतं" हे त्यातलं नेहमीचं. निकाल कळल्यावर तो आधीच दिसत होता असं वाटणं हा मनाचा ठरलेला खेळ आहे. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्येच प्रयोगांतून तो दाखवून दिला. कसोटी सोपी ठेवा: हे वाक्य त्या वर्षीच्या पासबुकात, पत्रात किंवा पेपरात सापडलं असतं का? नसेल तर ते उजवीकडचं.

पानाच्या तळाशी एक ओळ राखून ठेवा: "यातलं आज काय उरलंय?" फ्लॅटच्या बाबतीत बहुधा काहीच नसतं. तसं लिहा आणि पान बंद करा. शिक्षणाच्या बाबतीत बहुतेकदा काहीतरी असतं. पदवी राहिली असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच चालतं. मग ती हळहळ राहत नाही, फॉर्म भरायची शेवटची तारीख होते.

अपराधी वाटणं: हे देणं आहे

दुसऱ्याला दुखावल्याची बोच वहीत लिहून जात नाही, जाऊही नये. ती उधारी आहे. पैशाची असेल तर पैशाने फेडा. एकदम जमत नसेल तर दरमहा एक आकडा आणि एक तारीख ठरवून, त्या माणसाला सांगून.

बाकीच्यासाठी माफी, आणि तीही नीट बांधलेली. मी काय केलं, त्याचा तुला काय त्रास झाला, आता मी काय करणार आहे. एवढंच, याच क्रमाने, आणि मध्ये "पण" नको.

"ताई, बाबांच्या आजारपणात सगळं तुझ्यावर टाकून मी मोकळा झालो. तुला नोकरी सोडावी लागली. ते दिवस परत देता येत नाहीत. आईच्या तपासण्या आणि औषधं यापुढे मी बघतो, या महिन्यापासून."

याच्या शेजारी हे ठेवून बघा: "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी, पण माझीही परिस्थिती तशी होती." दुसऱ्या वाक्यात "तर" आणि "पण" मिळून माफी खाऊन टाकतात. परिस्थिती खरी असेलही, ती तिने विचारली तर सांगा.

व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, निळ्या खुणांकडे बघत तुमचीच रात्र जाईल. गणपतीत किंवा लग्नात, घर माणसांनी भरलेलं असताना तर नकोच, कारण तिला चारचौघांत "असू दे रे" म्हणावंच लागतं. फोन करून वेळ मागा, पंधरा मिनिटं पुरतात. उत्तरात ती चिडली, रडली, गप्प राहिली तर ते तिचं. माफ केलंस का, हे विचारायचं नाही.

आणि एक अपवाद. समोरच्याने संपर्क नको म्हणून सांगितलं असेल, किंवा तुमच्या कबुलीने तुमचं ओझं उतरून त्याच्या डोक्यावर बसणार असेल, तर जाऊ नका. ती ओळ मग सलाच्या खात्यात लिहा.

सल: ज्याचं उत्तर द्यायला कुणी उरलं नाही

इथे न पाठवायचं पत्र लिहितात. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातली पद्धत अजूनही वापरली जाते: लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं (पुढच्या प्रयोगांत वीसपर्यंत), हात न थांबवता. शुद्धलेखन बघायचं नाही, मागचं वाचायचं नाही. काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही यायला हवं. नुसता घटनाक्रम लिहिला तर तो पोलिसांचा पंचनामा होतो, आणि नुसता आक्रोश लिहिला तर रडून फक्त डोकं दुखतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी "म्हणून", "आता कळतं की" असे शब्द आपसूक येऊ लागतात.

लिहून झाल्यावर थोडा वेळ जड वाटतं. ते अपेक्षित आहे, म्हणून लगेच गाडी चालवायची किंवा झोपायची वेळ नको, मध्ये अर्धा तास ठेवा. एखादा विषय अंगावर येत असेल तर तो सोडून दुसरा घ्या. आणि माणूस जाऊन महिनाही झाला नसेल तर हे आत्ता करू नका. तेव्हा माणसांत बसणं आणि वेळेवर जेवणं पुरे.

आपल्याकडे श्राद्धाला तिथी ठरलेली असते. त्यातला धार्मिक भाग कुणी मानो न मानो, एक व्यवहारी शहाणपण त्यात आहे: आठवणीला दिवस नेमून दिला की ती बाकीच्या दिवसांवर कमी हक्क सांगते. पुढची पायरी त्याच तत्त्वावर चालते.

रवंथीला वेळ नेमून द्या

दिवसात एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी पंधरा मिनिटं. काळजीसाठी अशी वेळ राखून ठेवायची पद्धत थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासली होती. पश्चात्तापालाही ती चांगली लागू पडते. संध्याकाळी साडेसहा-सात बरी. दिवसभरात विचार आला की चिठ्ठीवर तीन-चार शब्द टाका ("बाबा, हॉस्पिटल, रजा") आणि स्वतःला सांगा, साडेसहाला. तो विचार दाबायचा नाही, पुढची तारीख द्यायची. कोर्टात देतात तशी. साडेसहाला चिठ्ठ्या काढा, जे वाटेल ते वाटू द्या, गजर वाजला की उठा.

ठाण्या-मुंबईच्या वन बीएचकेत एकटं बसायला जागा नसते हे खरं. गच्चीचा जिना चालतो, पार्किंगमध्ये उभी असलेली आपली स्कूटर चालते, उपवन तलावाच्या काठचा बाकही चालतो. पलंग चालत नाही. पलंगाला एकदा विचारांची सवय लागली की पाठ टेकली रे टेकली की ते सुरू होतात. तरी रात्री आलेच आणि साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही, तर उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा, कंटाळवाणं काहीतरी वाचा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ बघू नका, वीस मिनिटं अंदाजानेच.

लोकलमध्येही ही पंधरा मिनिटं ठेवू नका. ठाणे-वाशी साधारण अर्धा तास, ठाण्याहून सीएसएमटीला स्लो गाडीने तासाच्या आसपास. दाराशी उभं राहून हा सगळा वेळ रवंथीत सहज जातो आणि माणूस ऑफिसला पोचायच्या आधीच थकतो. त्या वेळेला कान गुंतवा.

विचार आणि रवंथ यांतला फरक वही सांगते. दहा मिनिटांनी पानावर नवं वाक्य आलं असेल तर तो विचार होता. जुनंच वाक्य तिसऱ्यांदा उतरलं असेल तर रवंथ. बहुतेक वेळा ते "मी असा का" या चालीचं असतं. ते खोडून "आता नेमकं काय करायचं" असं लिहा आणि उत्तरात क्रियापद, वार, वेळ टाका.

आठवड्याभरात बरेचजण हे सोडतात. साडेसहाला बसलं तर काही सुचतच नाही, वेडेपणा वाटतो. अहो, न सुचणं हेच तर हवं होतं. बसून राहा, चिठ्ठ्या मोजा, पंधरा मिनिटं झाली की उठा.

प्रायश्चित्त म्हणून सवय लावू नका

आता सवय. चाळिशीत रक्तातली साखर वाढलेली निघते आणि माणूस वीस वर्षांचा राग एका महिन्यात स्वतःवर काढतो. पहाटे पाचला उठून येऊरचा चढ, भात बंद, साखर बंद, रात्री सूप. नवव्या दिवशी ऑफिसातून यायला दहा वाजतात, दहाव्या दिवशी उठवत नाही. तो चुकलेला दिवस मग नुसता चुकलेला दिवस राहत नाही. तो जुन्या यादीत जाऊन बसतो: "मी असाच. काहीच धड पूर्ण करत नाही." शिक्षा म्हणून सुरू केलेली गोष्ट शिक्षेसारखीच वाटते, आणि शिक्षा माणूस टाळतोच.

म्हणून दोन खाती वेगळी ठेवा. रुखरुख वहीत. सवय कॅलेंडरवर, जिथे दुधाचा आणि गॅसचा हिशेब असतो तिथे. झालं की फुली. न झालं की चौकोन रिकामा, त्यात कारण लिहायचं नाही.

खुंटी शोधा

सवय इच्छाशक्तीवर टांगायची नसते, रोज होणाऱ्याच एखाद्या कृतीवर टांगायची असते. पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली "जर-तर" योजना हीच: अमुक झालं की मी तमुक ठिकाणी इतकं करीन. "रोज चालणार" ही घोषणा झाली. "ठाण्याला गाडीतून उतरलो की रिक्षाच्या रांगेत न जाता तलावपाळीला एक फेरी, मग रिक्षा" ही योजना. नवी मुंबईकरांना हे सोपं पडतं: वाशीत सागर विहार, नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबई, खारघरला सेंट्रल पार्क. घोडबंदरच्या टॉवरांत पोडियम (पार्किंगच्या वरची मोकळी जागा) असतो. तिथे घरी जाऊन, चहा पिऊन मग उतरू असं म्हटलं की संपलं. लिफ्टमध्ये शिरायच्या आधी चालायचं.

सकाळी चालणार असाल तर बूट रात्रीच दाराशी, मोजे बुटात खोचून, चावी त्यातल्या एका बुटात. हास्यास्पद वाटेल, पण पहाटे सहाला कपाट उघडून मोजे शोधणं एवढ्या अडथळ्यावरही माणूस परत झोपतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा आकडा आहे आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, म्हणजे तीस मिनिटं, पाच दिवस. तिथे पोचायचंय, तिथून सुरू करायचं नाही. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटंच, अंगात जोर असला तरी. मग दर दोन आठवड्यांनी पाच वाढवा. नवव्या आठवड्यात तीस होतात. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग. छातीत दाब, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप असेल तर आधी डॉक्टर.

जुलैची सोय आत्ताच लिहून ठेवा. ठाण्याचा पाऊस सवयी धुऊन नेतो. "पाऊस असेल तर इमारतीच्या जिन्यात दहा मिनिटं", गुडघे कुरकुरत असतील तर घरातल्या घरात येरझाऱ्या. कमी झालं तरी फुली पडते.

किती दिवसांत अंगवळणी पडेल? एकवीस दिवसांचं जे सांगतात ते विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ पर्यंत. त्याच अभ्यासातली कामाची गोष्ट वेगळीच आहे: एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही. तेव्हा नियम असा ठेवा: एक खाडा माफ, लागोपाठ दोन नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त दोन मिनिटं झाली तरी खाडा मोडला.

चहा, झोप, फोन

दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे, साधारण ३२ ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. एकदम बंद केलेला चहा चौथ्या दिवशी दुप्पट गोड होऊन परत येतो. दर दहा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. महिन्याभरात दोन चमच्यांचा अर्धा चमचा होतो आणि जिभेला फारसं कळत नाही. टपरीच्या कटिंगमध्ये साखर आधीच उकळलेली असते, तिथे चमचे मोजता येत नाहीत, कप मोजा. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाण्यातले मोठे बदल डॉक्टरांना विचारून.

शेवटचा चहा चारच्या आत. कॅफिन निम्मं व्हायला बहुतेकांना पाच तासांच्या आसपास लागतात. सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं अकराला अंगात असतं, आणि साडेअकराच्या पाहुण्यांना तेवढं पुरतं.

फोनचा चार्जर बाहेरच्या खोलीत. गजराला घड्याळ आहेच. उठायची वेळ रविवारीही तीच. झोपायची वेळ मात्र तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. एकदम दोन तास अलीकडे आणली तर नुसतं छताकडे बघणं होतं, आणि मग परत तेच विचार.

तंबाखू, सिगारेट, मिश्रीची तलफ लाट असते, काही मिनिटांत ओसरते. त्या वेळासाठी खिशात लवंग किंवा बडीशेप ठेवा आणि टपरीवरून जायचा रस्ता बदला. मोफत सल्ल्याचा राष्ट्रीय क्रमांक १८००-११-२३५६ आहे. दारूचं मात्र वेगळं. रोज भरपूर पिणाऱ्याने ती घरच्या घरी एका दिवसात तोडू नये. हात थरथरणं, आकडी, भ्रम होऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

वहीच्या आवाक्याबाहेरचं

दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन खाली, झोप आणि भूक बिघडलेली, आवडत्या गोष्टीतही रस नाही, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. "मी नसलो तर बरं" असा विचार आला तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. ठाण्यात १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याचं नाव आपल्याकडे चेष्टेत घेतात, पण त्याच्या बाह्यरुग्ण विभागात झोप आणि उदासीची साधी दुखणी घेऊनही जाता येतं. समुपदेशनासाठी डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्थाही ठाण्यातलीच.

रविवारची दहा मिनिटं

आठवड्यातून एकदा वही आणि कॅलेंडर शेजारी घेऊन बसा. चिठ्ठ्या किती जमल्या ते मोजा. पहिल्या आठवड्यात तीस, तिसऱ्यात बारा असं काहीसं दिसलं तर गाडी रुळावर आहे. आकडा हलत नसेल तर पहिल्या पानावर जा. एखाद्या ओळीपुढे चुकीचा शब्द टाकलेला असतो, बहुधा अपराधाला हळहळ म्हटलेलं असतं आणि करायचा फोन राहिलेला असतो. कॅलेंडरवर पाचाहून कमी फुल्या असतील तर मिनिटं कमी करा, खुंटी बदला.

चिठ्ठ्या महिनाअखेरीला फाडून रद्दीत टाका. उधारीची चिठ्ठी तेवढी ठेवा, शेवटचा हप्ता जाईपर्यंत.